शाळेची घंटा सगळ्यांना सारखी



आपल्या बचत गटांच्या बैठकीत कर्ज, हप्ता, व्याज याचा हिशेब चालतो. आज आपण वेगळ्या हिशेबावर बोलणार आहोत. हा हिशेब तासांचा आहे. आपली मुलं शाळेत किती तास असतात, आणि कोणाच्या मुलाला त्यातले किती तास मिळतात, हा.

उरवडे, पिरंगुट, घोटावडे या आपल्या पट्ट्यात गटांच्या बैठकींना फिरताना आम्हाला एक वाक्य वेगवेगळ्या घरांत ऐकायला मिळतं. 'ताई, याला खिचडी झाली की घेऊन जा.' ज्या मुलाला बोलता येत नाही, ज्याला एका जागी बसवत नाही, ज्या मुलीला शौचाला नेताना हात लागतो, अशा मुलांच्या आयांना हे सांगितलं जातं. सांगणारे वाईट असतात असं नाही. बहुतेक वेळा ते काळजीनंच सांगतात. पण साडेदहाला भरणारी शाळा पाच वाजता सुटते आणि हे मूल दीडला घरी असतं. बाकीची मुलं गणिताचा तास, खेळाचा तास, चित्रकलेचा तास करून येतात. हे मूल उंबऱ्यात बसून त्यांची वाट बघतं.

गंमत अशी की हे कुठेच लिहिलेलं नसतं. हजेरी परिपाठाच्या वेळी होते. हजेरीपटावर मूल हजर, खिचडीच्या नोंदीत मूल हजर. कागद पाहणाऱ्याला वाटतं, मुलाची शाळा पूर्ण चालली आहे. अर्धी शाळा फक्त आईला माहीत असते, कारण तिचा अर्धा दिवस गेलेला असतो. पिरंगुटच्या कारखान्यात कामाला जाणारी बाई दुपारी दीडला घरी कशी येणार? मग ती काम सोडते. गटातला हप्ता थकतो. म्हणून हा विषय बचत गटाचाही आहे.

पण हे आजचं नाही. याला मोठा इतिहास आहे. त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शाळेचा एकेक तास या मुलांना कोणाच्या तरी आईबापांनी मागितला तेव्हाच मिळाला. तो इतिहास आपल्याला ठाऊक असावा, म्हणजे मागताना संकोच वाटणार नाही.

सुरुवात आपल्या पुण्यापासून करू. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी त्या वेळच्या केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं विधेयक मांडलं. सहा ते दहा वयाच्या मुलांना शाळेत पाठवलंच पाहिजे, असं त्यात होतं. पण सुरुवात मुलग्यांपासून करायची होती, मुलींचं नंतर पाहायचं होतं. शिवाय काही सवलती होत्या. मूल आजारी असेल, घरी त्याची गरज असेल, शेतीचा हंगाम असेल तर पालकांना माफी. विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. गोखल्यांचं मन मोठं होतं, काळाच्या पुढचं होतं, यात शंका नाही. तरीही त्या मोठ्या मनाच्या विधेयकातसुद्धा न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या, हळू शिकणाऱ्या मुलासाठी वेगळी ओळ नव्हती. असं मूल फार तर 'आजारी'मध्ये मोजलं जाणार, आणि आजारी मुलाला माफी. शाळेत न येण्याची माफी म्हणजे शाळेच्या बाहेर राहण्याची मुभा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये शिक्षण सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया काय होता हे आपल्या आज्यांना विचारा. दंड लागतो तेव्हा शाळा हा राज्याचा शब्द होतो. पण हा शब्द सगळ्या मुलांपर्यंत पोचायला पुढे आणखी शंभर वर्षं गेली.

मग अशा मुलांचं काय होत होतं? शहरांत वेगळ्या शाळा निघत होत्या. १८८० च्या दशकात मुंबईत मूकबधिर मुलांची शाळा सुरू झाली, ती देशातल्या पहिल्या शाळांपैकी. १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. पुढे ती दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. पुण्यात १९३४ मध्ये अंधशाळा निघाली. या संस्थांनी फार मोठं काम केलं. ब्रेल लिपी, हातमाग, वेताच्या खुर्च्या, गाणं-वाजवणं शिकवून त्यांनी मुलांना पायावर उभं केलं.

पण त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे शाळा शहरात आणि राहायची सोय तिथेच. मुळशीतल्या एखाद्या वाडीतल्या मुलाला तिथे जायचं तर आईला सोडून जावं लागे. दुसरी गोष्ट अशी की या शाळा देणग्यांवर आणि दयेवर चालत. देणाऱ्याचे उपकार, घेणाऱ्याने हात जोडायचे. दयेतून मिळालेल्या वस्तूचा हिशेब मागता येत नाही. दोन तास दिले तर दोन तासांबद्दल आभार मानायचे. 'बाकीचे तास कुठे गेले' हे विचारायला हक्क लागतो.

हळू शिकणाऱ्या मुलांसाठी तर दयेच्या शाळाही फारशा नव्हत्या. इथे पहिल्यांदा आईबाप पुढे आलेले दिसतात. मुंबईत जय वकील आणि होर्मसजी वकील या पारशी जोडप्याची मुलगी दिना हिला डाऊन सिंड्रोम होता. तिला घेईल अशी शाळा नव्हती. त्यांनी १९४४ मध्ये स्वतःच शाळा सुरू केली. तीच आज शिवडीची जय वकील शाळा. एका मुलीसाठी आईबापांनी पाट्या मांडल्या आणि पुढे हजारो मुलं तिथे शिकून गेली. आज या संस्थेनं तयार केलेला 'दिशा' नावाचा अभ्यासक्रम राज्यातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळांत वापरला जातो. पुण्यात १९६४ मध्ये 'कामायनी' सुरू झाली, तेव्हा पुण्याच्या आसपासच्या पालकांना जवळ एक दार उघडलं.

दुसरी गोष्ट मिठू अलूर यांची. त्यांची मुलगी मालिनी १९६६ मध्ये जन्मली. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला आणि तिला सेरेब्रल पाल्सी झाला. या अवस्थेत मेंदूचा स्नायूंवरचा ताबा सुटतो. चालणं, बोलणं, हात हलवणं अवघड होतं. बुद्धी मात्र पुष्कळदा चांगली असते. भारतात डॉक्टरांनी आशा सोडा असं सांगितलं. आईने मुलीला इंग्लंडला नेलं, तिथे ती शाळेत गेली. परत आल्यावर मुंबईत तिला घेणारी शाळा मिळेना. तेव्हा मिठूताईंनी २ ऑक्टोबर १९७२ रोजी कुलाब्यात मोजक्या मुलांना घेऊन शाळा सुरू केली. तिचं नाव स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया. नटी नर्गिस दत्त या तिच्या पहिल्या आश्रयदात्या होत्या. मालिनी चिब पुढे सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये शिकली, लंडनला जाऊन दोनदा एम.ए.च्या तोडीच्या पदव्या घेतल्या. एका बोटाने टंकन करून तिने स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं. ज्या मुलीबद्दल आशा सोडायला सांगितलं होतं, तिची ही गोष्ट आहे. तिला दिवसाचे दोनच तास शिकवलं असतं तर ती कुठवर गेली असती, याचा विचार करून बघा.

मैत्रिणींनो, मिठूताईंनी पुढे एक अभ्यास केला. तो आपल्या अंगणवाडीशी जोडलेला आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. आपली अंगणवाडी ज्या योजनेतून चालते ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. योजनेत 'सर्व बालकं' असं लिहिलेलं आहे. पण मिठूताईंनी तपासलं तेव्हा दिसलं की प्रत्यक्षात अपंग बालकं त्या 'सर्व' मध्ये धरलीच गेली नव्हती. कोणी त्यांना नको म्हटलं नव्हतं. कोणी त्यांची नावंच लिहिली नव्हती. त्या पुस्तकाला त्यांनी 'न दिसणारी मुलं' अशा अर्थाचं नाव दिलं. आपल्या हजेरीपटाची गोष्ट हीच आहे. पटावर मूल हजर आहे आणि दुपारच्या तासाला ते दिसत नाही.

आता सरकारी बाजू थोडक्यात. १९६६ मध्ये कोठारी आयोगाने अहवाल दिला. अपंग मुलांचं शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणाचाच भाग आहे, वेगळ्या दयेचा विषय नाही, असं त्यात म्हटलं होतं. १९७४ मध्ये केंद्राने अपंग मुलांना नेहमीच्या शाळेत शिकवण्याची योजना आणली. पण ती आधी समाजकल्याण खात्याकडे होती, १९८२ मध्ये शिक्षण खात्याकडे आली. आपल्या राज्यात विशेष शाळा कितीतरी वर्षं समाजकल्याणाकडेच राहिल्या. म्हणजे गावातली शाळा एका खात्याची आणि विशेष शाळा दुसऱ्या खात्याची. एका घरातली दोन भावंडं दोन खात्यांत. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं केलं. पण दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडणारं मूल मुळशीच्या कुठल्याही केंद्रात अजून सापडेल. मुख्याध्यापक म्हणतात, याला विशेष शाळेत घाला. विशेष शाळा म्हणते, जागा नाही, किंवा अंतर फार आहे. मग मूल नेहमीच्या शाळेतच राहतं, पण अर्धा दिवस.

इथे जरा समुद्रापलीकडे जाऊ, कारण पालकांनी तासासाठी केलेल्या झगड्याची सर्वात मोठी गोष्ट तिथली आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात कायदा असा होता की ज्या मुलाचं मानसिक वय पाच वर्षांचं झालेलं नाही, त्याला शाळा प्रवेश नाकारू शकते. तिथल्या मतिमंद मुलांच्या पालकांची संघटना १९७१ मध्ये कोर्टात गेली. सोबत १३ मुलांची नावं होती. कोर्टापुढे तडजोड झाली आणि राज्याला सगळ्या मुलांना शिकवण्याचं कबूल करावं लागलं. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन शहरात सात मुलांच्या वतीने खटला झाला. शाळा मंडळ म्हणालं, आमच्याकडे पैसा नाही. न्यायाधीशांचा निकाल समजून घेण्यासारखा आहे. पैसा कमी असेल तर तो कमीपणा सगळ्यांनी वाटून घ्या. तो फक्त अपंग मुलांच्या वाट्याला टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता.

आपण हे आपल्या भाषेत म्हणू. घरात दूध कमी आलं तर सगळ्यांच्या चहात थोडं कमी घालायचं. एकाच पोराचा कप रिकामा ठेवायचा नाही. शिक्षक कमी आहेत, मदतनीस नाही, हे खरं असेल. पण त्यामुळे एकाच मुलाचे सगळे तास कापायचे का?

१९७५ मध्ये अमेरिकेने सगळ्या अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला. त्या कायद्यातच लिहिलं आहे की देशात ८० लाखांहून जास्त अपंग मुलं आहेत, त्यांतल्या निम्म्यांहून जास्त मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि १० लाख मुलं शाळेच्या पूर्ण बाहेर आहेत. श्रीमंत देशाचीही हीच अवस्था होती. पालक उठले तेव्हा बदल झाला.

तरी तिथेही गोष्ट संपली नाही. मूल शाळेत घ्यावंच लागतं म्हटल्यावर काही शाळांनी दुसरी वाट काढली. प्रवेश द्यायचा, पण दिवसाला दोन तास, कधी एकच तास बोलवायचं. ऑरेगन राज्यातल्या पालकांनी यावर अनेक वर्षं आवाज उठवला, कोर्टात गेले, विधिमंडळात साक्षी दिल्या. २०२३ मध्ये तिथे कायदा झाला. पालकांनी समजून-उमजून लेखी संमती दिल्याशिवाय अपंग मुलाची शाळेची वेळ कमी करता येणार नाही आणि पालकांनी संमती मागे घेतली की पूर्ण वेळ द्यावीच लागेल. पहिल्या लढाईत दार उघडलं. दुसऱ्या लढाईत दार किती वेळ उघडं राहील हे ठरलं. आपण आज त्या दुसऱ्या लढाईत आहोत.

अर्ध्या दिवसाची शाळा आपल्या देशाला नवी नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींच्या सरकारने खेड्यातल्या मुलांसाठी शाळेची वेळ रोज तीन तासांवर आणली. उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा, असा विचार होता. लोकांनी लगेच ओळखलं की याचा अर्थ कुंभाराच्या पोराने कुंभारच राहायचं. मोठा विरोध झाला आणि १९५४ मध्ये योजना मागे घ्यावी लागली. ज्याचे तास कापले त्याची पुढची वाट कापली, हे त्या लोकांना कळलं होतं. तिथे निदान तो निर्णय कागदावर होता, म्हणून त्याच्याशी भांडता आलं. आपल्याकडे तोंडी सांगतात, म्हणून भांडायला कागदच नसतो.

आता आपल्या हातात काय आहे ते बघू. १९९५ मध्ये अपंग व्यक्तींचा कायदा झाला. त्यात १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची गोष्ट आली. स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी, मतिमंद आणि बहुविकलांग मुलांच्या पालकांचा प्रश्न वेगळा होता. आम्ही गेल्यावर यांचं कोण बघणार, हा तो प्रश्न. त्यातून १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा आला. आपल्या मुळशीत कोळवण खोऱ्यात १९९४ पासून 'साधना व्हिलेज' आहे. बौद्धिक अक्षमता असलेली मोठी माणसं तिथे घरासारखी एकत्र राहतात, काम करतात. पालकांच्या त्याच प्रश्नाचं एक उत्तर आपल्या तालुक्यात उभं आहे, हे किती जणींना माहीत आहे?

मग आला शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. यात तासांचा आकडा लिहिलेला आहे. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. हा आकडा सगळ्या मुलांसाठी आहे. त्यात 'अपंग मुलांना निम्मे' असं कुठेच म्हटलेलं नाही.

आता बचत गटाची वही काढा आणि हिशेब करा. वर्षाला ८०० तास, पाच वर्षांचे ४००० तास. अर्धी शाळा म्हणजे पाच वर्षांत २००० तास गेले. म्हणजे अडीच वर्षांची शाळा. पाचवी पास झालेलं मूल खरं तर अडीच इयत्ता शिकलेलं असतं. वर आपण म्हणतो, 'याला काही येत नाही.' ज्याला आधीच शिकायला जास्त वेळ लागतो, त्यालाच आपण निम्मा वेळ दिला. सावकारालाही लाज वाटावी असा हा व्यवहार आहे.

२०१२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. अपंग मुलं 'वंचित गटा'त आली. तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्यायही आला, त्याला आपण गृहाधारित शिक्षण म्हणतो. इथे नीट ऐका. हा पर्याय निवडण्याचा हक्क मुलाचा आणि त्याच्या घरच्यांचा आहे. जे मूल बिछान्याला खिळलेलं आहे त्याच्या घरी शिक्षक पोचावा म्हणून तो ठेवला आहे. धावणाऱ्या-खेळणाऱ्या मुलाला दुपारी घरी पाठवण्यासाठी तो नाही. 'हा घरीच शिकू दे' असं शाळेने ठरवून टाकलं तर तो पर्याय राहत नाही, ती हकालपट्टी होते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने हे आणखी स्पष्ट केलं. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा. शिक्षण, खेळ आणि करमणूक इतरांच्या बरोबरीने द्यायची. 'बरोबरीने' हा शब्द लक्षात ठेवा. दुपारचा खेळाचा तास यात येतो, गॅदरिंग येतं, सहल येते. मुलाला आणि जास्त मदत लागत असेल तर त्याच्या मदतनीसालाही जाण्यायेण्याची सोय द्यायची आहे. सहा ते अठरा वयाच्या, ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्राथमिकला दर १० अशा मुलांमागे आणि त्यापुढच्या वर्गांना दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा.

हे सगळं असूनही 'घेऊन जा' का म्हणतात? कारणं खरी आहेत, ती मान्य केली पाहिजेत. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग असतात. विशेष शिक्षक गट साधन केंद्रातून येतात, त्यांच्याकडे पुष्कळ शाळा असतात, ते ठरावीक दिवशीच येतात. मूल वर्गाबाहेर पळालं, रस्त्यावर गेलं तर जबाबदारी बाईंची. आणि सगळ्यात मोठं कारण कोणी मोठ्याने बोलत नाही. मुलाने कपडे खराब केले तर ते बदलणार कोण? जिथे मूल खिचडीनंतर घरी जातं, तिथे पुष्कळदा कारण शौचालयाशी येऊन थांबतं. दाराला कडी नाही, पाणी नाही, धरायला दांडा नाही, मदतीला बाई नाही. म्हणजे गणिताचा तास एका बादली पाण्यावाचून जातो. मुली मोठ्या झाल्या की हे आणखी कठीण होतं. अशा मुलींना समग्र शिक्षा योजनेतून महिना २०० रुपये, वर्षातले दहा महिने मिळतात. पण पाळीच्या दिवसांत शाळेत थांबता येईल अशी जागा नसेल तर ते पैसे घेऊन ती घरीच बसते.

म्हणून बाईंशी, सरांशी भांडून उपयोग नाही. त्यांच्याबरोबर बसून मागणी वर न्यायची. आमच्या गटांतल्या मैत्रिणींना आम्ही चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, कागद. 'याला लवकर घेऊन जा' असं सांगितलं की नम्रपणे म्हणायचं, 'सर, हे वहीत लिहून द्या. रोज किती वाजता न्यायचं, का न्यायचं आणि पूर्ण वेळ कधीपासून बसवणार.' एखाद्या मुलाला सुरुवातीला खरंच कमी वेळ लागतो. गर्दीने, आवाजाने ते घाबरतं. तेव्हा पहिल्या महिन्यात दोन तास, दुसऱ्या महिन्यात तीन, असं वाढवत न्यायला हरकत नाही. पण ते आईला विचारून, तारीख टाकून, वाढवत नेण्यासाठी. तारीख नसलेला कमी वेळ हा कायमचा होतो.

दुसरी गोष्ट, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला. वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यायची आहे. २०१२ पासून आपली ही मुलं त्या गटात आहेत. म्हणजे त्यांच्या आईवडिलांना समितीत बसण्याचा हक्क आहे. पुढची समिती होईल तेव्हा गटाने अशा एका आईचं नाव सुचवायचं आणि बैठकीला तिच्याबरोबर जायचं. एकटी आई बोलायला लागली की तिचं रडगाणं वाटतं. दहा जणी बसल्या की ठराव होतो.

तिसरी गोष्ट, ग्रामपंचायत. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आपल्या पट्ट्यात कारखाने आहेत, घरपट्टी येते. ग्रामसभेत विचारायचं, गेल्या वर्षीचे पाच टक्के कशावर गेले? शाळेच्या शौचालयाला दांडा, उतार, पाणी यासाठी काय करता येईल? गटातल्या बाईला मदतनीस म्हणून काम मिळालं तर एका घरात पगार येईल आणि दुसऱ्या घरातली आई कामावर जाऊ शकेल.

चौथी गोष्ट, वरचं दार. गावात ऐकलं नाही तर पौडला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज. तिथेही नाही झालं तर दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे. राज्यभरातून लोक तिथे येतात, आपल्याला तर ते एसटीच्या अंतरावर आहे. पण त्या अर्जाला जोडायला पहिल्या गोष्टीतला कागद लागतो, म्हणून ती पहिली.

मैत्रिणींनो, हा सगळा इतिहास पाहिला तर त्यात मोठे राजे, मोठे कायदे आहेत. पण प्रत्येक वळणावर एखादी आई उभी आहे. दिनाची आई, मालिनीची आई, पेनसिल्व्हेनियातल्या तेरा मुलांच्या आया, ऑरेगनच्या विधिमंडळात साक्ष द्यायला गेलेल्या आया. यांपैकी कोणी पहिल्या दिवशी कायदा मागितला नाही. प्रत्येकीनं आपल्या एका मुलासाठी जागा मागितली. नंतर लक्षात आलं की शेजारणीच्या मुलालाही तीच लागते.

आपल्या गटात अशी एखादी असेल. ती बैठकीला उशिरा येते, लवकर उठते, मूल घरी एकटं आहे म्हणते. आपण तिच्या उशिराचा दंड लावतो. येत्या बैठकीत दंडाची वही बाजूला ठेवून तिला विचारू या, 'तुझं लेकरू शाळेत किती वाजेपर्यंत असतं?' उत्तर दीड असेल तर पुढच्या सोमवारी दोघीतिघींनी तिच्याबरोबर शाळेत जायचं, आणि मुख्याध्यापकांना बरोबर नेलेली वही पुढे करायची.